आम्हाला दुपारी बोलवा

मा. संपादक,
स. न.

3 डिसेंबरचा दिव्यांग दिन आला की प्रमाणपत्र शिबिरांच्या बातम्या छापून येतात. अशाच एका शिबिराला मी गेले होते. नऊची गोळी घेतली, दहाला नंबर लागला. डॉक्टरांनी हात वर करायला लावले, त्यांची बोटं घट्ट धरायला सांगितली आणि म्हणाले, ‘बाई, तुम्ही तर ठणठणीत आहात.’ अर्ज तिथेच संपला.

त्यांनी मला त्याच दिवशी संध्याकाळी सहाला बघायला हवं होतं. डावी पापणी अर्ध्यावर उतरलेली, एका ट्यूबलाइटच्या दोन झालेल्या. भाकरीचे चार घास झाले की जबडा चालत नाही, हनुवटीला हाताचा टेकू देऊन चावायचं. अंबाडा घालायला वर नेलेले हात पिन लावायच्या आत खाली येतात.

मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूला जिथे मिळतो, ती जागाच आपल्या रक्तातली प्रतिद्रव्यं अडवतात. विश्रांती घेतली की ताकद येते, वापरली की संपते. उन्हाळ्यात जास्तच. गोळीचा जोर तीन-चार तास. हाच आजार झालेल्या अमिताभ बच्चन यांचं नाव घेतलं की लोकांना आजार पटकन समजतो, पण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘मग काय, ते तर अजून काम करतात!’ यावर काय बोलायचं, ते मला आजवर सुचलेलं नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांत मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सनची नावं आहेत. आमचं नाव नाही. कायद्यातल्या ‘यांसारखे’ या शब्दात आम्ही बसतो की नाही, ते समोरच्या डॉक्टरांवर.

आधार म्हणाल तर तो मला ओपीडीबाहेरच्या बाकावर मिळाला. शेजारी बसलेल्या सांगलीकडच्या ताईंना हाच आजार. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, म्हणजे घास गिळता येतो, हे त्यांनी सांगितलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक औषधं आमच्या श्वासावर बेतू शकतात, म्हणून त्यांची यादी पर्समध्ये ठेवायची आणि दाताच्या डॉक्टरांनाही आधी दाखवायची, हेही त्यांचंच. आता रोज फोन असतो, पण सकाळीच. संध्याकाळी दोघींचेही आवाज नाकात जातात आणि कोण काय म्हणतंय ते कोणालाच कळत नाही.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. दोन मिनिटं छताकडे बघत राहायला सांगितलं असतं तर पापणी बहुधा खाली आली असती. पण माझ्यामागे जिन्यापर्यंत रांग होती, तेवढी दोन मिनिटं त्यांनी आणायची कुठून? म्हणून एवढंच करावं. ज्यांचा आजार दिवसभरात कमीजास्त होतो, त्यांना शिबिरात दुपारी चारनंतरची वेळ द्यावी. न्यूरॉलॉजिस्टचे कागद आम्ही सोबत आणतोच, तेही उघडून बघावेत.

– एक वाचक, सातारा