जिलबीचा एक वेढा

इंदूर,
27 डिसेंबर

प्रिय मध्या,

तुझा फोन आला तेव्हा मी मामीच्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि तोंडात शेव होती, म्हणून "नंतर बोलतो" म्हटलं. तसंही हे फोनवर सांगून झालं नसतं. पुढच्या महिन्यात तू बडोद्याला व्याह्यांकडे चालला आहेस आणि तुला विचारायचंय की मी इथे आठ दिवस डाएट कसं सांभाळलं. सांभाळलं म्हणायला जीभ रेटत नाही. निम्मं सांभाळलं, निम्मं सांडलं. दोन्ही लिहितो.

निघालो तेव्हा वजन 81.4 होतं, काट्याचा फोटो तुला नॅशनल पार्कच्या गेटाशी दाखवला होता. जुलैतले 88 आणि तीन महिन्यांच्या साखरेचा तो 6.2 चा रिपोर्ट आठवून मी बोरिवलीला अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलो. 5.7 पासून 6.4 पर्यंत मधुमेहाचा उंबरठा, त्यापुढे घरात, असं डॉक्टर म्हणाले होते ते तुलाही पाठ झालंय. पिशवीत भाजलेले चणे, काकड्या, हिने केलेली मेथीची थालीपीठं. गाडीत काहीच बिघडलं नाही. बिघडायला सुरुवात सकाळी रामबागेत, मामांच्या घरी झाली.

मामीचे पोहे तू खाल्ले नाहीस, म्हणून सांगतो. आपल्यासारखे ती परतत बसत नाही. फोडणी बेताची, त्यात बडीशेप, चिमूटभर साखर, आणि मग पोह्यांचं भांडं खाली उकळतं पाणी असलेल्या पातेल्यावर ठेवून देते. वाफेवर ते असे मोकळे आणि लुसलुशीत राहतात की तेल लागतच नाही म्हण. म्हणजे पोहे बिचारे निर्दोष. पुढे काय होतं बघ: वर कांदा, लिंबू, जिरावण म्हणजे इथला चटपटीत मसाला भुरभुरवायचा, आणि मग मामी शेवेच्या डब्यात हात घालते. मूठ बाहेर येते ती भरलेलीच. पोहे दिसेनासे होईपर्यंत शेव. शेजारी जिलबी. मी म्हटलं, "मामी, शेव राहू दे." ती म्हणाली, "काय रे, तुला पसंत नाही आलं?" पुढे बोलायची सोय नाही.

आग्रहाबद्दल मला एक शोध लागला. रिकामं ताट मामीला बघवत नाही. मी पथ्यवाला शहाणा, भराभर थोडं खाऊन ताट स्वच्छ करून बसलो की ती मागून येऊन वाढून जायची, बोलता बोलता, लक्षातही येऊ न देता. दुसऱ्या दिवसापासून मी हळू खायला लागलो आणि एक कोपरा शेवटपर्यंत भरलेला ठेवला. पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणतात, तेवढा वेळही त्यातच निघाला. मामीला वाटायचं मी खातोय, मला वाटायचं मी जिंकतोय.

मग आला चौथा दिवस. मामांच्या न्हाणीघराबाहेर एक जुना काट्याचा वजनकाटा आहे. दुपारी, चहा पिऊन, स्वेटरसकट मी त्यावर उभा राहिलो. 83.7! मध्या, पाच महिने पहाटे उठलो ते सगळं डोळ्यांसमोरून गेलं. कुणाला काही बोललो नाही. पाचव्या दिवशी सकाळी "पोट बरं नाही" सांगून नुसतं ताक घेतलं, दुपारी अर्धी पोळी आणि दोडक्याची भाजी. मामीने काळजीने ओवा दिला. तो खोटेपणा अजून टोचतो.

आणि रात्री भाचेमंडळी म्हणाली, सराफ्याला चला.

सराफा तुला ऐकून माहीत असेल. राजवाड्याजवळची सोन्याचांदीची पेढी-दुकानं रात्री नऊच्या सुमारास बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं मांडली जातात, रात्री एक-दोनपर्यंत. सांगतात की सराफांनाही ते हवंच होतं, रात्रभर वर्दळ म्हणजे फुकटची राखण. तिथे मी सकाळपासूनचा उपाशी माणूस साडेदहा वाजता जाऊन उभा राहिलो. तुझी दीक्षितांची पद्धत आठवली: दोनदा जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत. मी चक्क घड्याळ लावलं. 55 मिनिटांत माणूस काय काय करू शकतो ते ऐक. दहीवडा, जोशींचा, ते द्रोण हवेत उडवून झेलतात तो. मक्याचा कीस, दुधात शिजवलेला, तुपाचा वास सुटलेला. साबुदाण्याची खिचडी, त्यावरही शेव. गराडू, म्हणजे कोनफळाच्या भावकीतला कंद, कढईतून तळून काढून, लिंबू पिळून, जिरावण घालून. हा फक्त थंडीतच मिळतो, म्हणून दोन प्लेट. मावाबाटी. वर इथली शिकंजी. ही आपल्या लिंबूसरबतासारखी नाही, आटवलेल्या दुधाची, सुक्या मेव्याची, चमच्याने खावी अशी. पद्धतीत बसवून खाल्लं असं मी मनाशी म्हटलं. दीक्षितांची माफी मागतो. त्यांच्या पद्धतीत रोजचं पंचेचाळीस मिनिटांचं साडेचार किलोमीटर चालणंही असतं, ते मी सोयीस्कर विसरलो.

रात्री झोप लागेना तेव्हा हिशेब मांडला, आणि तो तू डोक्यात ठेव, कारण बडोद्यालाही काटा असणारच. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. चार दिवसांत खरे 2.3 किलो वाढायचे तर पावणेअठरा हजार कॅलरी गरजेच्या वर खायला हव्यात, दिवसाला सव्वाचार हजारांच्या वर. रोजचं जेवण धरून नाही, त्याच्या वर! मामीने जीव तोडला असता तरी ते जमलं नसतं. मग काट्यावर काय होतं? पाणी. शेवेतलं, जिरावणातलं मीठ पाणी धरून ठेवतं. पाच महिने भात-साखर कमी केल्याने अंगातला साखरेचा साठा रोडावला होता, तो भरला. आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी अंगात बसतं. शिवाय दुपारची वेळ, स्वेटर, आणि काटाही माझा नव्हे. म्हणजे घाबरायचं कारण चौथ्या दिवशी नव्हतंच. ते मी पाचव्या दिवशी उपाशी राहून स्वतः तयार केलं.

सहाव्या दिवशी सकाळी मामांबरोबर फिरायला निघालो. मामांचं वय 81, त्यांच्याच सहस्रचंद्रदर्शनासाठी आम्ही आलो आहोत. रामबागेतून निघायचं, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून राजवाडा, चौकात थोडं टेकायचं, परत. थंडीत तो सातमजली राजवाडा धुक्यातून वर निघतो, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. रस्ते मात्र असे झाडलेले की आदल्या रात्री इथे हजारो द्रोण पडले असतील यावर विश्वास बसू नये. येताना मामा नेहमीच्या दुकानाशी थांबले. एक प्लेट पोहे, दोघांत. शेव बाजूला, त्यांनी सांगितलीच तशी. आणि एक जिलबी. त्यांनी जिलबीचा बाहेरचा एक वेढा अलगद मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला, आणि उरलेली कागदासकट माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "बस? एवढीच?" म्हणाले, "उद्या पण इथेच आहे ना रे जिलबी."

त्यांचं बरोबर आहे, ते इथलेच. मला उद्या म्हणजे तीन दिवस उरलेले. मग लक्षात आलं की मी आठवडाभर भुकेने खातच नव्हतो, दुकान उद्या बंद होणार असल्यासारखा खात होतो. आणि जिलबी काय, बोरिवलीला स्टेशनबाहेर रोज तळतात, तिच्याकडे मी पाच महिने ढुंकून पाहिलेलं नाही. गराडू तिथे मिळत नाही, हे खरं. वाफेवरचे असे पोहे मिळत नाहीत. ते खावेत. पण नाक्यावरचा समोसा, बिस्किटं, चौथा चहा, भाच्याच्या हातातले वेफर्स, हे इंदुरात खाल्लं काय नि बोरिवलीत काय? त्या रात्री मोजलं तर निम्मं खाणं असलंच निघालं.

काल समारंभाचं जेवण होतं. दाल-बाफले. बाफला म्हणजे बाटीच, पण आधी पाण्यात उकडून मग भाजलेली, आणि शेवटी तुपात बुडवलेली. बुडवलेली म्हणजे बुडवलेलीच. मी सकाळीच मामीला म्हटलं, "आज वाढायला मी." ती खूश, पुण्या-मुंबईचे लोक नुसते बसून खातात असं तिचं मत आहे. तुपाची वाटी हातात घेऊन दोन पंगती फिरलो, दीड तास पाय टेकले नाहीत, आणि सगळ्यात शेवटी बसलो तेव्हा आग्रह करायला कुणी उरलं नव्हतं. एक बाफला, भरपूर डाळ, एक लाडू. पोट भरून जेवलो, मध्या. मग सगळे आडवे झाले आणि मी नि मामा अंगणात येरझारा घालत होतो.

तुझं प्रकरण अवघड आहे, मला मामी आहे, तुला विहीणबाई. तिथे वाढायला उभा राहिलास तर लेकीची अब्रू जाईल. तेव्हा एक कर: लेकीला आधीच फोन करून सांग की बाबांची साखर बघायची आहे, डॉक्टरांचं नाव पुढे कर, "डाएट" हा शब्द काढूच नकोस. डाएट म्हटलं की लोक मोडायला धावतात, साखर म्हटली की गप्प बसतात. शेवउसळ खा, लीलो चिवडाही खा. रात्रीचं जेवण मात्र दुपारच्या वर नको. काट्यावर तिथे चढू नकोस, परत आल्यावर चार-पाच दिवसांनी, सकाळी, आपल्याच काट्यावर. मीही तसंच करणार आहे. आकडा काय येईल तो तुला गेटाशी दाखवीन, लपवणार नाही.

परवा रात्री निघतोय. मामीने दोन किलो शेव बांधून दिली आहे, लवंगेची. नको म्हणायचा प्रयत्न केला, "पसंत नाही आलं?" पर्यंत पोचला. त्यातली एक किलो तुझी, सोमवारी पार्कात घेऊन येतो. वहिनींना आधी सांगू नकोस.

तुझा,
दिन्या