मागाशेजारीच शिकवा

महोदय,

दिवाळीनंतर पतसंस्थेचे कर्ज काढून मी दोन जुने रेपियर, म्हणजे धोट्याविना चालणारे, माग आणले. पंधराव्या दिवशी एकाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड (मागाचे नियंत्रण करणारे सर्किट) गेले आणि ताण्याच्या भरलेल्या बीमसकट माग सहा दिवस बंद. शेवटी भिवंडीहून मेकॅनिक आला, अर्ध्या तासात काम उरकून गेला. आमचे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, मामा चाळीस वर्षे साध्या मागावर आहेत. शेडच्या दारातूनच, नुसत्या आवाजावरून, कुठल्या मागाचा पट्टा ढिला झालाय ते सांगतात. त्या दिवशी मात्र ते त्या मेकॅनिक पोराला बॅटरी धरून उभे होते.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. तेव्हापासून इथला कारागीर मागाशेजारीच तयार झाला. सुताची कांडी भरणारा पोरगा हळूहळू माग चालवायला लागायचा, त्यातलाच एखादा पुढे जॉबर व्हायचा. साध्या मागाला ते पुरले. रेपियर, एअरजेटसारख्या नव्या मागांना पान्याआधी स्क्रीनवरचा एरर वाचता यावा लागतो.

शहरात शिक्षण नाही असे कोण म्हणेल? डीकेटीई महाविद्यालय 1982 पासून वस्त्रोद्योगाचे इंजिनीअर घडवते आहे. पण डझनभर माग चालवणाऱ्या खर्चीवाल्याला (दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्याला) इंजिनीअर परवडत नाही, त्याला जॉबर हवा. योजना म्हणाल तर शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती 30 कामगारांपासून पुढे. माझ्याकडे दोन्ही पाळ्या मिळून आठ. विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, यंत्रमाग नाही. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेला किमान बारावी किंवा आयटीआय लागते, आणि जॉबरकीला येणारा पोरगा बहुधा दहावीलाच थांबलेला असतो.

म्हणून हे पत्र महापालिकेसाठी. 2022 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. विकास आराखड्यात बाग, मंडई, शाळा, पार्किंगला आरक्षणे टाकतात, तशी विकासनगर, शहापूरसारख्या मागांच्या वस्तीत एखाद्या शेडएवढी जागा प्रशिक्षणासाठी ठेवा. गावाबाहेर पाच एकरांची इमारत नको. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस तिकडे सायकल हाणणार नाही. चार माग, सुटी केलेली दोन-तीन कार्डे, एक टेबल आणि पाळी बदलताना दोन तास, एवढ्यावर सुरुवात होते. इथे मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. शिकायला गेलेल्याचा माग थांबला की त्याचे पैसे बुडतात, आणि माझ्या मते प्रशिक्षणाला माणसे न येण्याचे खरे कारण हेच आहे. त्या दोन तासांची मजुरी मालकांनी द्यावी. मी देईन. सहा दिवस माग बंद ठेवण्यापेक्षा स्वस्त पडेल.

नुसता नकाशा रंगवूनही भागणार नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठते. त्यामुळे आरक्षणाबरोबर अंदाजपत्रकातही रक्कम दिसायला हवी, पहिल्याच वर्षी.

मामांना विचारले, असे केंद्र निघाले तर शिकवाल का? म्हणाले, "मालक, आधी मलाच कुणीतरी ते कार्ड शिकवा, मग बघू."

– एक यंत्रमागधारक, इचलकरंजी