स्लीव्ह गलियनसाठी एक दिवस ठेव

डंडॉक, काउंटी लाउथ
१२ मे

प्रिय मंजू,

तिकिटं काढलीस हे वाचून बरं वाटलं. जुलैअखेर म्हणजे इथला त्यातल्या त्यात शहाणा मोसम. शहाणा म्हणजे पाऊस असतोच, पण थंडी तेवढी चावत नाही. काकूही येताहेत हे तर फारच छान. आता तुझा प्रश्न. गुडघे कुरकुरणारी आई, आठ वर्षांचा चिनू, पाच वर्षांची मनू आणि राजगडाखाली काहीही चढायला कमीपणा वाटणारे प्रदीपराव, या सगळ्यांना एकत्र नेता येईल असा डोंगर कुठला?

प्रदीपरावांनी यादीत जायंट्स कॉजवे लिहून ठेवलंय म्हणतेस. जा की, नको कोण म्हणतंय? पण बसाल्टचे खांबच बघायचे तर अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, पन्हाळ्याकडे बांदिवडे आहे, आणि तिथे समोरच्याची सेल्फी-काठी डोळ्यात जात नाही. माझं ऐक आणि एक दिवस स्लीव्ह गलियनला दे. सीमेच्या पलीकडे, काउंटी आर्माच्या दक्षिण टोकाला आहे. इथून मोटारीने अर्धा तासही लागत नाही. उंची पावणेसहाशे मीटरच्या आसपास. प्रदीपराव हसतील. हसू देत.

आधी कंटाळवाणं काम उरकते. रस्त्यात सीमा दिसणार नाही. ना फाटक, ना चौकी. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात आणि दुकानात युरोऐवजी पौंड लागतात, इतकाच फरक. म्हणून लोक समजतात की आयर्लंडचा व्हिसा असला की झालं. तसं नाही, पलीकडे उत्तर आयर्लंड आहे, म्हणजे ब्रिटनचा भाग. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी दोन्ही देशांची मिळून एक सोय आहे. तुमच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं छापलेली असली तर तोच व्हिसा तिकडेही चालतो, मात्र आधी आयर्लंडमध्ये उतरावं लागतं. तुम्ही डब्लिनलाच उतरताय, तेव्हा हरकत नाही. अक्षरं तेवढी तपासून घे, सगळ्यांच्या पासपोर्टवर.

आता डोंगर. तो एकटा उभा नाही, त्याच्याभोवती छोट्या टेकड्यांचं गोल कडं आहे. कॅमलॉख, शुगरलोफ, क्रॉस्लीव्ह, मुल्लाबॉन अशी माळ साधारण अकरा किलोमीटर व्यासाची आहे आणि मधोमध स्लीव्ह गलियन. चिनूला हे नकाशावर आधी दाखव. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून फाटायला लागले, अटलांटिकचा उत्तर भाग उघडायला लागला, तेव्हा इथे ज्वालामुखी होता. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे खडकांच्या हिशेबात हे दोघे एकाच पिढीतले. पण घडण वेगळी. सह्याद्रीत लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून आपल्याकडे कातळाच्या पायऱ्या दिसतात. इथे जमिनीत गोल भेग पडली आणि आतला अख्खा खडक खाली खचला. पातेल्यातल्या दुधावर ताटली ठेवून दाबली की दूध कडेने वर येतं ना, तसा शिलारस त्या भेगेतून वर चढला आणि तिथेच गोठला. वरचा ज्वालामुखी केव्हाच झिजून गेला. गोठलेला रस कठीण, म्हणून तो उरला आणि त्याचं हे कडं झालं. अशा रचनेचा जगातला पहिला भूशास्त्रीय नकाशा इथे काढला गेला. २०२३ मध्ये हा परिसर, शेजारचे मोर्न डोंगर आणि स्ट्रँगफर्डची खाडी मिळून युनेस्कोचं जिओपार्क झालं.

चिनूला एवढं पुरे. मनूला यातलं काही सांगू नकोस, तिच्यासाठी पायथ्याला वेगळंच आहे. वन-उद्यानाच्या आवारात खेळायची जागा आहे, कॉफी आहे, स्वच्छतागृहं आहेत (काकूंना हे पहिल्यांदा सांग). तिथूनच झाडीत ‘जायंट्स लेअर’ नावाची छोटी पायवाट सुरू होते. बुंध्यांना पऱ्यांची इवली दारं बसवलीत, राक्षसाचं टेबल आहे, त्याच्या खुर्चीवर चढायला मोठ्यांनाही हात द्यावा लागतो. या सगळ्याला मी आधी नाक मुरडलं होतं, लाकडी पऱ्या काय बघायच्या म्हणून. पण इथली पोरं प्रत्येक दारावर टकटक करून उत्तराची वाट बघत उभी राहतात, मग मोठ्यांनाही थांबावंच लागतं. चढ जवळजवळ नाहीच.

वर जायचं तर पायथ्यापासून चालत जाणारी लांब वाटही आहे, चांगली चौदा-पंधरा किलोमीटरची. प्रदीपरावांना तिकडे सोडून देऊ. आपण मोटार घेऊ. जंगलातून एकेरी रस्ता वळणं घेत वरच्या वाहनतळापर्यंत जातो आणि तिथून दक्षिण शिखर साधारण किलोमीटरभर उरतं. मात्र ‘सोपा’ म्हणतात त्यावर जाऊ नकोस, पहिला टप्पा सरळ छातीवर आहे. दगडी पायऱ्या आहेत, पण उंच. मुलं पळत जातील. काकूंनी वाहनतळापाशी बाकावर बसून समोरचे डोंगर बघावेत, मी त्यांच्याबरोबर थांबेन.

मोटारीत असताना कुलन लोहाराची गोष्ट सांग. याच डोंगरापाशी त्याचं घर होतं म्हणतात. अल्स्टरचा राजा त्याच्याकडे जेवायला आला. सेटान्टा नावाचा मुलगा मागून येणार होता, राजा ते विसरला, आणि लोहाराने रात्रीसाठी आपला भयंकर कुत्रा मोकळा सोडला. पोरगं हातात हर्लिंग या इथल्या खेळाची काठी आणि चेंडू घेऊन खेळत खेळत आलं. कुत्रा अंगावर धावला तसा त्याने चेंडू त्याच्या घशात मारला. कुत्रा मेला. लोहार रडायला लागला, आता माझी गुरं कोण राखणार? तेव्हा पोरगं म्हणालं, नवा कुत्रा मोठा होईपर्यंत मी राखीन. म्हणून त्याचं नाव पडलं कू हुलिन, कुलनचा कुत्रा. पुढे इथल्याच एका खिंडीच्या टापूत त्याने कूलीचा नामी बैल पळवायला आलेलं सैन्य एकट्याने थोपवून धरलं. चिनूला लढाई आवडेल. मला आवडतं ते पोराने चूक भरून देणं.

दक्षिण शिखरावर दगडांचा मोठा ढीग आहे आणि त्याच्या पोटात थडगं. पाच हजार वर्षांहून जुनं, वाकून आत जाता येतं. आयर्लंडमध्ये शाबूत असलेलं आत बोळ असलेल्या जातीचं सगळ्यात उंचावरचं थडगं हेच. आतला बोळ असा रोखलाय की वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी मावळतीचं ऊन सरळ आत शिरतं. लोक मात्र याला थडगं म्हणत नाहीत, ‘कॅल्याख बेराचं घर’ म्हणतात. कॅल्याख म्हणजे या देशाची आदिम म्हातारी. हिवाळा तिचा, डोंगर तिचे. आपल्याकडे कुठलंही जुनं लेणं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं, तसं इथे डोंगरमाथ्यावरचे दगड म्हातारीच्या पदरातून सांडलेले असतात. १७८९ साली गावकऱ्यांनी हे घर फोडलं, म्हातारी सापडते का बघायला. थोडी मानवी हाडं सापडली, म्हातारी नाही. मला हे फार आवडतं. ते गंमत म्हणून गेले नव्हते गं, ती आत असेल असं त्यांना खरंच वाटत होतं.

तिथून उत्तरेला उतरतं पठार आहे, हेदरच्या झुडपांचं आणि काळ्या दलदलीचं. पाचदहा मिनिटांवर एक छोटं, काळसर तळं लागतं. फिनची गोष्ट इथेच सांगायची, आधी अजिबात नाही. कुलनला दोन मुली, आन्या आणि मिलुक्रा. दोघींचं मन वीर फिन मॅक्कूलवर. आन्या एकदा बोलून गेली की मी पांढऱ्या केसांच्या माणसाशी कधी लग्न करणार नाही. मिलुक्राने ते ध्यानात ठेवलं. फिन शिकारीच्या मागे इथवर आला तर काठावर एक सुंदर बाई रडत बसलेली. माझी अंगठी पाण्यात पडली म्हणाली. फिनने बुडी मारली, अंगठी आणून दिली, आणि काठावर चढला तो वाकलेला, पांढऱ्या केसांचा म्हातारा होऊन. त्याच्या ब्रान आणि स्कोलान या कुत्र्यांनीसुद्धा त्याला ओळखलं नाही. शेवटी त्याच्या माणसांनी डोंगर खणायला घेतला, तेव्हा कुठे ती, म्हणजे मिलुक्राच, बाहेर आली आणि तिने एक पेला दिला. तो प्यायल्यावर तारुण्य परत आलं, केस मात्र पांढरेच राहिले. गावात ही बाईही कॅल्याख बेराच. दोन गोष्टी एकमेकींत विरघळून गेल्यात, त्या सोडवत बसू नये.

तळ्यात पाय बुडवला तर केस पांढरे होतात असं अजूनही म्हणतात. मुलं बुडवणारच. मी बुडवत नाही. हसू नकोस, माझे आधीच निम्मे झालेत.

तळ्यापलीकडे थोड्या अंतरावर आणखी एक दगडी ढीग आहे, तो नंतरच्या काळातला. धुकं उतरलं तर मात्र तळ्यापासूनच मागे फिरायचं. पठारावर सगळीकडे सारखंच दिसतं आणि पाय दलदलीत जातो. निरभ्र असेल तर पूर्वेला मोर्न, दक्षिणेला डंडॉकची खाडी आणि भोवती ते गोल कडं पूर्ण दिसतं. याच कड्यावर एकेकाळी ब्रिटिश सैन्याचे टेहळणी मनोरे होते. १९९८ च्या शांतता करारानंतर ते हळूहळू उतरवले गेले. इथली मोठी माणसं त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत, आपणही विचारू नये. म्हातारीबद्दल विचारलंस तर मात्र चहा थंड होईपर्यंत सांगतील.

काकूंसाठी खरी जागा डोंगराच्या पश्चिम पायथ्याला आहे, बॅलीकील. तीन उभे दगड आणि त्यांच्यावर एक प्रचंड शिळा. रस्त्यापासून अगदी जवळ, सपाटीवर. गावातले लोक याला ‘म्हातारीची खुर्ची’ म्हणतात. वेळ उरला तर पूर्वेच्या उतारावरचं किलीव्हीचं जुनं चर्चही बघू. संत मोनिन्नाने तिथे बायकांचा मठ वसवला होता. त्या काळी, या रानात, बायकांनी आपला कारभार आपण चालवलेला! काकूंचं आणि तिचं जमेल.

तुमच्या तारखा चांगल्या पडल्यात. जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे पूर्वी आयर्लंडभर डोंगरावर जाऊन फ्रॉहन तोडायचा दिवस. हेदरमध्ये वाढणारी काळीनिळी फळं, जीभ जांभळी करणारी. पोरंपोरी त्या निमित्ताने एकमेकांना भेटायची आणि पुष्कळ लग्नं तिथेच ठरायची. आता बहुतेक जण ती सुपरमार्केटमधून आणतात. वरच्या उतारावर अजून मिळतात, वाडगाभर तोडायची तयारी ठेव.

हा डोंगर मी एवढा लावून का धरतेय? आपल्या दोघींचं डोंगराशी नातं म्हणजे किल्ला, बुरूज, किती तासांत सर झाला. इथे ते हिशेब कामाचे नाहीत. पाच वर्षांची मनू जितकी चालेल तितकंच चालायचं, आणि तेवढ्यात राक्षस, लोहार, म्हातारी, तळं सगळं येऊन जातं. दोन मैलांत एवढी माणसं मला दुसऱ्या कुठल्या डोंगरावर भेटलेली नाहीत.

काकूंच्या आणि मुलांच्या बुटांची मापं कळव. माझ्याकडे घोट्याच्या वर येणारे दोन जोड पडून आहेत आणि शेजारणीच्या मुलांचे लहान झालेले मिळतील. तिकडे उगीच विकत घेऊ नकोस. पावसाळी जाकिटं मात्र तुमची तुम्ही आणा, छत्री आणू नका. इथल्या वाऱ्यापुढे ती टिकत नाही.

तुझी,
वसू