सोनारानंच कान टोचावेत

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नथीचे फोटो मिळाले. आईनं पाहिले, मग दुकान बंद झाल्यावर मी मोठे करकरून पाहिले. ‘सोनार म्हणून सांगा, बाप म्हणून नको,’ असं तू लिहिलंयस. बरं. म्हणही तशीच आहे, तेव्हा कान पुढे कर.

चापाची नथ, पुरुषाच्या न टोचलेल्या नाकात. तासाभरानं ती काढायची आणि नाकपुडीवर उठलेला वळ हाच दागिना म्हणायचा. कल्पना कळली. पण वळाचं काम तुमच्या त्या डच दागिनेकार खाइस बाकरनं १९७३ सालीच करून ठेवलंय, तूच मला सांगितलं होतंस. दंडावर, पायावर, कमरेवर सोन्याची तार आवळायची, काढून टाकायची, आणि मांसात उमटलेली रेघ बघायची. सोनाराला ती रेघ नवी नाही रे. नवरा गेला की बायकांच्या पायातली जोडवी निघत नाहीत, मग कापायला आम्हीच लागतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या जोडव्यानं बोटाला खाच पडलेली असते. बाकरची रेघ घटकाभरात बुजते, ती खाच सरणापर्यंत जाते. या विषयावर काही करायचं असेल तर इकडे ये, आठ दिवस माझ्याशेजारी बस. पण तुझा विषय तो नाही. तुझा विषय नथ आहे, आणि फोटोत नथच दुय्यम होऊन बसलीय.

आपल्याकडे तान्ह्या मुलाचे आणि मुलीचे कान सारखेच टोचतात. माझ्या हातानं दोघांच्या कानांत तीच तार घातलीय. वाटा फुटतात त्या नाकाशी. आणि तिथंही मुलगा अगदीच वगळला नव्हता. ज्या घरात मुलगे जगत नसत, तिथं पुढच्या मुलाचं नाक टोचून नथ घालत. मरणानं त्याला मुलगी समजून पुढं जावं म्हणून. नथू हे नाव त्यातूनच आलं. विचार कर, एवढ्याशा दागिन्यानं अख्खी काया बदलते, यमसुद्धा फसतो, इतका त्या लोकांचा आमच्या धंद्यावर विश्वास!

पुढं जाऊ. शिवाच्या मूर्तीला उजव्या कानात पुरुषाचं कुंडल आणि डाव्या कानात बाईचं घडवायची जुनी रीत आहे. सौंदत्तीला जाणारे जोगते तू लहानपणापासून पाहिलेस, अंगावर लुगडं, गळ्यात यल्लमाची माळ. बालगंधर्व रंगभूमीवर दागिने घालून उभे राहायचे आणि पुण्या-मुंबईच्या बायका घरी जाऊन त्यांच्यासारखं नटायच्या. तेव्हा पुरुषाच्या नाकात नथ पाहून तुझ्या कॉलेजातला प्राध्यापक दचकत असेल, कोल्हापूरच्या गुजरीत कोणी दचकणार नाही. दचकवणं हे तुझं भांडवल धरू नकोस.

पण एक गोष्ट बघ. या सगळ्यांना परवानगी होती. मूर्ती देवाची म्हणून चालते. जोगत्याला देवीनं बोलावलं म्हणून चालतं. नटाला पडदा पडेपर्यंत चालतं, नथूला मरण टळेपर्यंत. ‘मला आवडते म्हणून घातली आणि तशीच दूध आणायला गेलो,’ असं म्हणणारा पुरुष या यादीत एकही नाही. तुझं काम तिथं आहे, बाबा. आणि तू काय केलंस? नथ तासभर घातलीस, काढलीस, फोटो भिंतीवर लावलास. कलादालन हीसुद्धा रंगभूमीच की. परवानगीची आणखी एक जागा.

त्या स्विस दागिनेकार ओटो क्युन्झलीच्या कड्याचं तू इतकं कौतुक केलंस म्हणून सांगतो. काळं रबर, आत सोन्याची गोळी, साल १९८०, नाव काय तर ‘सोनं आंधळं करतं’. धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर डोकं फिरतं! कसोटीला लावायचं तर रबर चिरावं लागणार, आणि चिरलं की वस्तूच संपली. गिऱ्हाइकानं निव्वळ शब्दावर घ्यायचं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पण तू म्हणतोस, हे आम्हा समलिंगी माणसांच्याच जगण्याचं चित्र, वर काळं आणि आत सोनं. ते मला पटत नाही. तो माणूस सोन्याच्या हावेबद्दल बोलतोय, त्याच्या कड्यात तुझं दुःख कोंबू नकोस. त्यापेक्षा तो अमेरिकेतला दागिनेकार कीथ लुईस तुला जवळचा. एड्सनं मित्र गेले, त्यांच्यासाठी त्यानं दागिने घडवले, आणि पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम उघड धातूत आणलं. तिथं लपवाछपवी नाही.

लपवायच्या खुणांचंही मोल आहे, ते मी नाकारत नाही. १८९२ साली लंडनला ऑस्कर वाइल्डच्या नाटकाच्या पहिल्या खेळाला त्याच्या मित्रांनी कोटावर हिरवी कार्नेशनची फुलं लावली होती, हे तूच सांगितलंस. तीनच वर्षांत अशाच प्रेमापायी वाइल्ड तुरुंगात गेला. अशा काळात खूण आपल्या माणसालाच कळावी लागते. मंगळसूत्राचं उलट, ते साऱ्या गावाला दिसावं म्हणूनच असतं. आता सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालानंतर आपल्याकडे हे प्रेम गुन्हा राहिलेलं नाही, पण लग्न अजून कायद्यात नाही. म्हणजे आपले लोक या दोन दागिन्यांच्या मधे कुठंतरी आहेत. गेल्या दिवाळीत दोन मुली दुकानात आल्या, एकसारख्या दोन अंगठ्या घेतल्या. बहिणी आहोत म्हणाल्या. मी बोटांची मापं घेतली आणि घडणावळ जरा कमी लावली.

आता कामाचं. नथ दिवसभर घालता येईल अशी कर. तुझे मोती मोठे आहेत, सगळं वजन बाहेरच्या बाजूला लोंबतंय, ते पेलायला तू चाप आवळलायस, म्हणून वळ उठतोय. त्याला तू कला म्हण, मी चापाचा दोष म्हणतो. मोती बारीक घे. चापाची तार बावीस कॅरेटची नको, मऊ पडते, चार वेळा काढली-घातली की तोंड वासते. अठराची घे. जंत्रीच्या भोकातून ओढून ताठ झाली की परत तापवू नकोस. जोडाची झाळ वळणापासून लांब दे, नाहीतर आचेनं ताठपणा जातो. आतल्या टोकाला बारीक गोल गुंडी कर, नाकाचं आतलं कातडं फार नाजूक असतं.

आणि फोटोतलं नाक तुझं नाही, तुझं माझ्यासारखं बसकं आहे. ज्याचं कुणाचं आहे त्याला नवी नथ सकाळी घालायला दे, रात्री काढू दे. ट्राममधून जाऊ दे, बाजारात जाऊ दे. कुठं रुतते, केव्हा विसरायला होते, ते त्यालाच लिहायला सांग. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, आई वाचून दाखवील. नाकपुडीची जाडी मिलिमीटरमध्ये पाठव, अंदाजे नको.

तुझा,
बाबा