यंत्राला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार देऊ नका

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शासकीय योजनांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबत

मंत्रीमहोदय, सादर नमस्कार.

मी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. कृत्रिम बुद्धिमत्ता आता अंगणवाडीच्या दारात येऊन उभी आहे आणि तिथे नेमकं काय घडतं हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

तंत्रज्ञानाला विरोध करण्यासाठी मी लिहीत नाही. शेतीसाठी 2025 ते 2029 या काळाचं महाॲग्री-एआय धोरण आलं, त्याला 500 कोटींची तरतूद झाली. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत मिळावी म्हणून 2024 मध्ये मार्व्हल ही सरकारी कंपनी निघाली. बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतात जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची माहिती यांची सांगड घातली, तेव्हा पाणी कधी आणि किती द्यायचं हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळू लागलं. याचा मला आनंदच आहे. तिथे सल्ला चुकला तर शेतकरी बांधावर उभा राहून पीक बघतो आणि स्वतःच्या अकलेने काय ते ठरवतो. सरकारी लाभाच्या दारात बसवलेल्या यंत्राचं तसं नसतं. तिथे यंत्र जे म्हणेल तेच शेवटचं ठरतं आणि समोरच्या बाईला रिकाम्या हाताने घरी जावं लागतं.

1 जुलै 2025 पासून केंद्र सरकारने अंगणवाडीतल्या घरपोच आहारासाठी, म्हणजे आम्ही ज्याला टीएचआर म्हणतो त्यासाठी, चेहरा ओळख सक्तीची केली. गरोदर माता, स्तनदा माता आणि सहा महिने ते तीन वर्षांची बालकं यांच्यासाठी हा आहार असतो. बाळाचा आहार न्यायला येणाऱ्या आईचा किंवा पालकाचा चेहरा पोषण ट्रॅकर या केंद्राच्या मोबाइल ॲपवर जुळावा लागतो. आधी ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करायची. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि चेहरा आधारच्या फोटोशी ताडून बघितला जातो. मग दर वेळी आहार देताना सेविकेने फोन बाईच्या चेहऱ्यासमोर धरायचा.

वाचायला हे दोन मिनिटांचं काम वाटतं. आता ती बाई डोळ्यांसमोर आणा. आधारचा फोटो लग्नाआधीचा आहे. आठव्या महिन्यात चेहरा सुजलेला आहे, किंवा बाळंतपणानंतर गाल बसले आहेत. जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा आहे आणि नवरा ऊसतोडीला गेला आहे. घराचा एकच फोन त्याच्याबरोबर फडावर, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. गाव मेळघाटात धारणी, चिखलदऱ्याकडचं किंवा नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरातलं असेल तर रेंज शोधत सेविका फोन उंच धरून अंगणात फिरते आणि तिच्यामागे बाळ कडेवर घेतलेली आई फिरते. सेविका त्या बाईला लहानपणापासून ओळखते. तिच्या पहिल्या बाळाचं वजन तिनेच केलेलं असतं. पण पडद्यावर उमटतं, चेहरा जुळला नाही. का जुळला नाही, आता काय करायचं, कुणाला विचारायचं, यातलं काहीच पुढे नसतं.

अशा वेळी बोलणी बसतात ती सेविकेला. मुंबईत किंवा दिल्लीत बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला गाव ओळखत नाही, गाव ओळखतं ताईंना. “माझा माल कुठे गेला?” असा प्रश्न आला की त्या काय उत्तर देणार? 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, ते हौस म्हणून नव्हे. फोन कमी क्षमतेचे होते आणि ॲप इंग्रजीत होतं. मराठीत काम करणाऱ्या, दहावी-बारावी शिकलेल्या बायकांना इंग्रजीत माहिती भरायला लावणं हा अन्याय आहे, हे तेव्हा आंदोलन केल्यावरच ऐकलं गेलं. यंत्र आणताना ते ज्यांच्या हातात द्यायचं त्यांना आधी विचारावं, एवढी साधी रीतही पाळली गेली नव्हती.

महोदय, अंगणवाडीतला आहार ही मेहेरबानी नव्हे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 ने गरोदर आणि स्तनदा मातांना तो हक्क म्हणून दिला आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांनाही दिला आहे. आहार मिळाला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असंही त्याच कायद्यात आहे. आधारच्या खटल्यात 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा आधार क्रमांक दाखवता आला नाही म्हणून कोणत्याही बालकाचा लाभ नाकारू नये, असं स्पष्ट म्हटलं होतं. न्यायालय सांगतं बालकाला आधारवाचून अडवू नका, आणि इथे त्याच बालकाच्या आईचा चेहरा आधारच्या फोटोशी जुळेना म्हणून आहाराचं पाकीट अडतं. कायद्याची जाणकार मी नाही, पण हे विसंगत आहे हे समजायला कायदा शिकावा लागत नाही.

यंत्र चुकतं का, यावर फार वाद घालायचं कारण नाही. ते चुकतंच, आणि सगळ्यांच्या बाबतीत सारखं चुकत नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधिकांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी तीन व्यावसायिक सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याहूनही कमी होती, काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती एका सॉफ्टवेअरमध्ये 35 टक्क्यांच्या घरात गेली. कारण उघड होतं: यंत्राला शिकवताना ज्यांचे चेहरे भरपूर दाखवले ते त्याला नीट ओळखता आले, ज्यांचे दाखवलेच नाहीत ते आले नाहीत. आपल्याकडचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, हे मान्य. पण उन्हातान्हात राबणाऱ्या कोरकू, भिल्ल, पावरा बायकांच्या चेहऱ्यांवर त्याची चाचणी घेतली असेल तर निकाल लोकांसमोर ठेवा, आणि घेतली नसेल तर आधी घ्या.

आणखी एक गोष्ट सर्वसामान्यांना कुणी सांगत नाही. दोन चेहरे किती टक्के जुळले की “जुळले” म्हणायचं, हा आकडा माणूस ठरवतो. 2022 मध्ये माहिती अधिकारात दिल्ली पोलिसांनी सांगितलं की 80 टक्क्यांहून जास्त साम्य असेल तर ते चेहरा जुळल्याचं धरतात. तो आकडा तिथेच का, याला निसर्गाचा कुठलाही नियम नाही. आकडा खाली आणला तर भलत्यावर संशय येतो, वर नेला तर खरी लाभार्थी बाहेर राहते. बाळाच्या आहाराच्या बाबतीत यातली कोणती चूक परवडणारी आहे? एखादं पाकीट जास्त गेलं तर सरकारचे थोडे रुपये जातील. कुपोषणाच्या काठावरच्या बाळाचं पाकीट महिना दोन महिने चुकलं तर वजनाच्या आलेखावरची रेघ खाली येते, आणि ती पुन्हा वर न्यायला किती कष्ट पडतात हे माझ्या सेविकांना विचारा. हा निर्णय धोरणाचा आहे. तो विधिमंडळात चर्चेला यायला हवा, कंत्राटदाराच्या खोलीत परस्पर व्हायला नको.

शेजारच्या तेलंगणात काय झालं ते आपल्या खात्याला माहीत असेलच. तिथे समग्र वेदिका नावाची प्रणाली वेगवेगळ्या खात्यांची माहिती जोडून कोण पात्र, कोण अपात्र हे ठरवायला वापरली गेली. सायकलरिक्षा ओढणाऱ्या एका माणसाच्या नावावर तिने चारचाकी गाडी दाखवली, कारण गाडीच्या मालकाचं नाव त्याच्या नावासारखं होतं. रेशन कार्ड गेलं. त्याच्या मागे त्याच्या बायकोने त्या कार्डासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे 19 लाख कार्डांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. पहिल्या सुमारे दोन लाख अर्जांच्या तपासणीत 15 हजारांहून अधिक कुटुंबं पात्र निघाली. पंधरा हजार घरांचं धान्य अडलं, आणि ज्याने अडवलं असा एकही माणूस दाखवता येत नव्हता. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: सिस्टीममध्ये तसंच दिसतंय.

हे आपल्या देशाच्या गरिबीमुळे होतं असंही कुणी समजू नये. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानासाठी कर खात्याने धोका मोजणारी संगणकीय पद्धत लावली. तिच्यात परकीय नागरिकत्व हाही संशयाचा एक निकष होता. हजारो पालकांना फसवे ठरवून लाखोंची वसुली लावली गेली, घरं कर्जात बुडाली, संसार मोडले. शेवटी जानेवारी 2021 मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या संपूर्ण मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

गळती होत नाही, असं मी म्हणणार नाही. रजिस्टरमध्ये खोटी नावं मी स्वतः पकडली आहेत. लाडकी बहीण योजनेत खात्यांची माहिती ताडून पाहिल्यावर 2025 मध्ये सुमारे 26 लाख जणांचा लाभ थांबवल्याचं शासनाने सांगितलं. त्यात पुरुषांनीही पैसे उचलल्याचं उघड झालं. चोरी पकडायलाच हवी आणि यंत्राने त्यात जरूर मदत करावी. यंत्राने संशय दाखवावा. मग ग्रामसेवक, तलाठी, मुख्यसेविका यांच्यापैकी कुणीतरी त्या घरी जावं, चूल बघावी, कागद बघावेत आणि खाली स्वतःची सही करून निर्णय लिहावा. पडताळणी होईपर्यंत लाभ चालू राहावा. आज उलटं होतं: आधी बंद, मग तुम्हीच सिद्ध करा. सिद्ध करायला तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी जाते, आणि तिथे गेल्यावर सर्व्हर डाऊन असतो.

कायदा या बायकांना कितपत सांभाळतो तेही पाहा. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अनुदान, लाभ किंवा दाखला देण्यासाठी शासनाला माणसाच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरायची मुभा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतली भाषा चांगली आहे, पण ती बंधनकारक नाहीत. म्हणजे जिच्या चेहऱ्यावर हे सगळं चाललं आहे तिला नकार देता येत नाही आणि चूक झाली तर दाद मागायचा सोपा मार्गही नाही.

मात्र आपल्या राज्याकडे एक चांगलं हत्यार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवा नाकारायची असेल तर अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. हाच नियम यंत्रालाही लावा. शासनाच्या कोणत्याही योजनेत संगणकीय निर्णयावरून लाभ अडला तर त्या व्यक्तीला जागेवरच मराठीत, कारणासह, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने आणि पदनामाने लेखी कळवलं जावं, आणि अपिलाची मुदत त्या दिवसापासून मोजावी. अंगणवाडीच्या बाबतीत चेहरा जुळला नाही तर सेविकेने दोन साक्षीदारांसमोर रजिस्टरवर अंगठा घेऊन आहार द्यावा, आणि तशी मुभा तिला लेखी आदेशाने असावी. बैठकीत तोंडी सांगितलेल्या सवलतीवर कुठलीही सेविका स्वतःची नोकरी पणाला लावणार नाही. पोषण ट्रॅकर केंद्राचं आहे म्हणून राज्याचे हात बांधलेले आहेत असं मला सांगितलं जाईल. आहार वाटणारी यंत्रणा राज्याची आहे, सेविका राज्याच्या आहेत, आणि अन्न सुरक्षा कायद्याखालचा राज्य अन्न आयोगही इथलाच आहे.

यापुढे अशी कुठलीही प्रणाली विकत घेताना निविदेतच अट घाला की ती किती वेळा आणि कुणाच्या बाबतीत चुकते याचे आकडे कंपनी दर महिन्याला जाहीर करील. चुकांची माहिती झाकायला “व्यापारी गुपित” हे कारण चालणार नाही, हेही त्याच निविदेत लिहा. ज्या योजनेत लाभार्थी बहुसंख्य स्त्रिया आहेत तिथे चाचणीच्या वेळी महिला ग्रामसभेत ते यंत्र मांडावं, बायकांना हाताळू द्यावं, त्यांचे प्रश्न नोंदवून घ्यावेत. मेळघाटातल्या आया फार नेमके प्रश्न विचारतात. मी त्यांच्या सभांना बसले आहे.

राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. 1 जुलै 2025 पासून आजपर्यंत चेहरा जुळला नाही, ओटीपी आला नाही किंवा ई-केवायसी झाली नाही या कारणांनी किती माता-बालकांचा आहार किती दिवस अडला, त्यांपैकी किती बालकं त्या काळात तीव्र कुपोषित गटात गेली, याची तालुकानिहाय माहिती महिला व बाल विकास विभागाकडून मागवून येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी, अशी माझी विनंती आहे. सुरुवात धारणी, चिखलदरा, अक्कलकुवा आणि धडगावपासून करावी. यंत्राने नोंद ठेवली असेल तर ही माहिती मिळायला आठवडाही लागू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका