टिचकी

प्रिय पक्या,

तुझ्या मेसेजला आठ महिने झाले आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प. आधी शिव्या घालून घे. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू, मान दुखते, ती एडिटरची दुखणारच.

लिहितोय ते नंद्यामुळे. वर्षश्राद्धाला दाखवायला वीस मिनिटांची फिल्म कर म्हणाला त्याचा भाऊ, फर्माईश एकच, जन्मापासून क्रमाने लाव. लावलं. मुंज, कॉलेज, बँक, लग्न, हॉस्पिटल. बघतो तर त्यात नंद्या कुठेच नाही, नुसता बायोडेटा! आणि शेवट सगळ्यांना माहीतच, त्यामुळे मुंजीतल्या गोट्यावरच लोक रडायला बसणार.

मग तुझी हँडीकॅमची टेप काढली. हो, तीच, जी मी हरवली म्हणून तू तीन महिने बोलत नव्हतास. माळ्यावर पातेल्यात सापडली, भांडण नंतर कर. त्यात होस्टेलची कॅरमची मॅच आहे, नंद्या राणी घ्यायला वाकलाय, जीभ बाहेर, आणि मागून तू बोंबलतोयस.

लॉ कॉलेज रोडच्या फिल्म आर्काइव्हला आपण 'हिरोशिमा मॉन आमूर' बघितला तो आठवतो? फ्रेंच दिग्दर्शक रेनेचा, १९५९ चा. ती बाई कॉफी घेऊन उभी, झोपलेल्या जपानी माणसाचा हात जरासा हलतो आणि थाडकन दुसराच हात, मरणाऱ्या जर्मन सैनिकाचा, काही सेकंद, की परत खोली. एका चित्रात दुसरं विरघळवणारा डिझॉल्व्ह नाही, वीणा नाही, पडद्यावर पाण्याचे तरंग नाहीत. तू मोठ्यांदा म्हणालास, रीळ चुकीचं जोडलंय! तो सैनिक कोण ते पुढे बऱ्याच वेळाने कळतं, म्हणून तू रस्ताभर चिडलेला, प्रेक्षकाला आधी सांगायला काय जातं. मी म्हणालो, तिला तरी कोणी आधी सांगितलं होतं? आठवण काय बेल वाजवून येते?

तेव्हा बोलायला सोपं होतं रे.

वहिनी कॅमेऱ्यासमोर बोलताना तांदूळ निवडत होत्या, एक खडा टिचकीने उडवला. मी तिथेच कापलं, थेट नंद्याच्या स्ट्रायकरवर. टिचकी तीच, मध्ये चोवीस वर्षं. वर हुशारी अशी की जे-कट केला, बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, आवाज आधी, म्हणजे वहिनी अजून ताटावर वाकलेल्या आणि स्ट्रायकरची खट् ऐकू येते, चित्र मागून. कान आधी पोचला की डोळ्यांना कट टोचत नाही, धंद्यातली जुनी युक्ती.

काल त्यांना दाखवायला गेलो. खट् झालं आणि त्यांनी स्क्रीनकडे नाही, दाराकडे बघितलं. मग गॅसवर काहीतरी आहे म्हणून उठल्या. गॅसवर काही नव्हतं, पक्या. चहा आणला, म्हणाल्या, "छान झालंय, भाऊजी."

रेनेची बाई गोष्टीतली होती, तिच्या मनात काय घालायचं ते त्याचं त्याने ठरवलं. मी कोण? रात्रभर तो आवाज काढला, परत लावला. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीने 'मिरर'च्या (१९७५) वीसच्या वर जुळण्या करून बघितल्या होत्या म्हणे, मी नवव्यावर आहे आणि मला कोणी पैसेही देत नाहीये. आवाज काढला तर कट नुसता चलाख वाटतो, साबणाच्या जाहिरातीसारखा. ठेवला तर मला ते दार दिसतं. आणि क्रमाने लावलं तर कॅरम चौथ्या मिनिटाला येतो, लोक हसतात, पुढे सरकतात, कुणाचंच काही बिघडत नाही. तेच बरं की काय? पण मग नंद्या परत बायोडेटात.

पोरीच्या दहावीचं काय झालं? नाशिकच्या घराला रंग लागला? कळव.

फाइल पाठवतोय, रविवारच्या आत द्यायची आहे. ११ मिनिटं ४० सेकंदांवर बघ. हेडफोन लावून बघ आणि फोन कर. रीळ चुकीचं जोडलंय वाटलं तर तसंच सांग, यावेळी भांडणार नाही.

तुझा,
बंड्या

ता.क. टेप हवी असेल तर पातेल्यासकट पाठवतो.