झूमने ठिपका मोठा होतो, जनावर नाही

मा. संपादक यांस,

हातात धरायच्या थर्मल स्कॅनरविषयी, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणाऱ्या यंत्राविषयी, आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. झूम जितकी जास्त तितका शिकाऱ्याचा फायदा, असा त्याचा एकूण सूर होता. मी लेन्सदुरुस्ती करतो. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि कॅमेऱ्याची भिंगे उघडण्यात माझी एकतीस वर्षे गेली, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही. शिकार असावी की नसावी, हा वाद मला इथे उकरायचा नाही. जिथे परवाना काढून रात्रीची शिकार करू देतात, तिथल्या लोकांच्या एका हातात हे यंत्र असते आणि खांद्याला बंदूक असते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

गेल्या वर्षी एक गृहस्थ असाच स्कॅनर घेऊन आले. ३८४ बाय २८८ पिक्सेलचा सेन्सर, पुढे ३५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग. “जनावर आहे हे दिसतं, पण कुठलं ते कळत नाही. याला जरा झूम बसवून द्या,” म्हणाले. मला वाटले, हातचे काम आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावून लांबचे मोठे दाखवणारा काचेचा एक जुना टेलिकन्व्हर्टर कपाटात पडून होता. तो स्कॅनरपुढे धरला, डोळा लावला, तर समोरचा भाचा गायब! टेबल गायब, खिडकी गायब. सगळीकडे नुसता राखाडी रंग आणि मधोमध एक पांढुरका गोळा. मान हलवली तसा गोळाही हलला. काचेत पडलेले माझ्याच डोक्याचे प्रतिबिंब होते ते! एकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाची भाच्यासमोर चांगलीच शोभा झाली.

चूक साधी होती. हे स्कॅनर साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांवर चालतात आणि त्या किरणांना आपली नेहमीची काच म्हणजे भिंत. भाच्याने कचऱ्याची पातळ काळी पिशवी हातावर ओढली, तर पिशवीतून पाचही बोटे स्वच्छ दिसली. आपल्या डोळ्यांचा हिशेब तिथे पार उलटा होतो. म्हणून या यंत्रांना पुढे जर्मेनियमचे भिंग असते. दिसायला ते आरशासारखे, डोळ्याला आरपार काही दिसत नाही. त्याचा अपवर्तनांक ४ च्या आसपास, म्हणजे कोटिंग नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून तिसऱ्या हिश्शाहून जास्त किरण परत फिरतात. अशा बिनकोटिंगच्या एकाच भिंगातून निम्मीसुद्धा उष्णता पलीकडे पोचत नाही. मोडीतल्या भिंगांवर जुगाड करायची सोय इथे नाही.

आता लेखात कौतुक केलेल्या झूमविषयी. ती डिजिटल आहे. चारपट झूम केली की यंत्र सेन्सरचा मधला तुकडा उचलते आणि पडदाभर ताणते. त्या गृहस्थांच्या यंत्रात तो तुकडा ९६ बाय ७२ पिक्सेलचा. नवी माहिती शून्य. त्यातून आतले सॉफ्टवेअर चौकोनांच्या कडा गुळगुळीत करते, त्यामुळे चित्र मोठे झाले एवढेच नव्हे तर स्पष्टही झाले असे वाटते. मला घोर आहे तो याचाच. चौकोनी ठोकळे दिसले असते तर माणूस सावध राहिला असता. गुळगुळीत कडेला कान फुटतात, शेपटी फुटते, पाहणाऱ्याला हवे ते सगळे फुटते.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही दोघे एका मोकळ्या मैदानात गेलो आणि भाच्याला ३०० मीटरवर उभे केले. पिक्सेलची जागा, म्हणजे सेन्सरवर एका पिक्सेलच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंतचे अंतर, १२ मायक्रॉन आणि भिंग ३५ मिलिमीटरचे असेल, तर त्या अंतरावर एक पिक्सेल साधारण १० सेंटिमीटरचा तुकडा व्यापतो. भाचा उभा होता तोवर ठीक, माणूस आहे हे ओळखू येत होते. मग त्याच्या हातून टॉर्च पडला आणि तो गुडघ्यांवर बसून गवतात चाचपू लागला. गृहस्थ तेव्हा चारपट झूम लावून पाहत होते. अगदी शांतपणे म्हणाले, “तुमचा भाचा कुठे गेला? तिथे कसलं तरी जनावर आलंय.”

ओणवा झालेला माणूस उंचीला सहा-सात पिक्सेल, आणि रानडुक्करही तेवढेच. जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये या विषयाचे निकष मांडले. त्यांच्या हिशेबाने काहीतरी आहे एवढे कळायला लक्ष्याच्या रुंदी-उंचीतल्या लहान मापावर रेषांची एक जोडी (एक काळी, एक पांढरी) पुरते, म्हणजे ढोबळमानाने दोन पिक्सेल. कोणत्या प्रकारचे आहे हे कळायला चार जोड्या लागतात आणि नेमके कोण ते ओळखायला सहाहून जास्त. तेही पन्नास टक्के वेळा! खोक्यावर ठळक अक्षरांत १८०० मीटर छापतात ते पहिल्या पायरीचे अंतर. तेवढ्या लांबवर त्याच यंत्रात अख्खा माणूस तीन पिक्सेल उंच दिसतो.

खरे मोठे चित्र मिळते ते पुढून, म्हणजे भिंगातून. स्कॅनरपुढे लावायचे दुप्पट क्षमतेचे जर्मेनियमचे जोडभिंग बनवता येते आणि ते काम करते, हे मी नाकारत नाही. ३०० मीटरवरचा पिक्सेल मग १० ऐवजी ५ सेंटिमीटरचा होतो. पण मूळ भिंगाचा व्यास ३५ मिलिमीटर असेल, तर जोडभिंगाचा ७० हवा. तेवढा नसेल तर उष्णता कमी पोचते आणि चित्रात मुंग्या येतात. जर्मेनियम पाण्याच्या पाचपटीहून जड, त्यामुळे यंत्र नाकाकडून झुकते आणि मनगट भरून येते. हाताची थरथरही दुप्पट दिसते. तापमान बदलले की फोकस सरकतो. आणि १०० मीटरवर जिथे १३ मीटर रुंदीचा पट्टा दिसत होता, तिथे साडेसहा मीटर उरतो. स्कॅनर कशासाठी घेतात? अंधारात रान झाडून काढायला, कुठे काही ऊब आहे का ते शोधायला. त्याचीच नजर अरुंद केली तर शोधायचे कशाने? माझे मत विचाराल तर शोधायला रुंद नजरेचे यंत्र वेगळे आणि ओळखायला लांब भिंगाचे वेगळे असावे. दोन्ही कामे एकातच हवी असतील तर झूमचा आकडा न बघता सेन्सरचे पिक्सेल बघावेत.

आपण अशा यंत्रांची परीक्षणे छापता, तेव्हा एक आकडा जरूर द्यावा: १०० मीटरवर एक पिक्सेल किती सेंटिमीटरचा. नाभीय अंतर आणि पिक्सेलची जागा ठाऊक असली की एका भागाकारात तो निघतो. झूमच्या आकड्याला दिलेली ठळक अक्षरे त्याला द्यावीत.

त्या गृहस्थांचा स्कॅनर मी काही न बसवता परत दिला. देताना सहज डोळ्याकडची बाजू तपासली, तर डायॉप्टरचे कडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेप्रमाणे चित्र स्पष्ट करायचे कडे, एका टोकाला फिरलेले. बहुधा पिशवीत घासून फिरले असावे. ते त्यांच्या डोळ्याला जुळवून दिले. त्यांनी खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहिले आणि विचारले, “झूमचे किती झाले?”

आपला,
लेन्सदुरुस्ती करणारा एक वाचक